एकशे चाळीस पूर्ण, दोनशे ऐंशी अर्धे

माझ्या भाच्याने वयाच्या चोवीस वर्षांपर्यंत घरात एकच काम मनापासून केलं, ते म्हणजे दार उघडणं. तेसुद्धा दारात पिझ्झावाला उभा असेल तरच. पाण्याचा ग्लास त्याच्या हातात यायचा, पण हातातून परत ओट्यावर कधी जायचा नाही. मग ग्लास खिडकीत सापडायचे, कॉटखाली सापडायचे, एकदा चपलांच्या स्टँडवर सापडला. ताई म्हणायची, "याला काम सांगण्यापेक्षा आपण केलेलं बरं, निदान एकदाच करावं लागतं."

अशा या मुलाने फार काम करू नये म्हणून जर्मनी नावाच्या देशाने कायदा केला आहे, हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कानात मळ झाला असावा. पण कागदावर स्वच्छ लिहिलं होतं. युरोपीय संघाबाहेरून शिकायला आलेल्या विद्यार्थ्याने वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करावं, त्याच्या वर नाही. मार्च २०२४ च्या आधी ही मर्यादा १२० आणि २४० होती, मग त्यांनी ती वाढवली.

"म्हणजे एकशे वीस दिवस कमी पडत होते मुलांना?" ताईने तो कागद उलटसुलट करून पाहिला. "आमच्याकडे चोवीस वर्षांचे मिळून बारा भरत नाहीत."

आता हा कागद माझ्याकडे का आला ते सांगतो. मी साताऱ्याला एका पतसंस्थेत नोकरी करतो. सोनेतारण, पिग्मी आणि थकीत हप्ते यापलीकडे माझा अर्थशास्त्राशी संबंध नाही. परदेशी चलन म्हणून मी आयुष्यात फक्त नेपाळची एक नोट पाहिली आहे, तीही तीर्थयात्रेहून आलेल्या शेजाऱ्याने प्रसादाबरोबर दिलेली. पण चिंचवडच्या ताईच्या दृष्टीने मी 'बँकेतला माणूस' आहे. त्यामुळे भाच्याच्या जर्मनीचा सगळा हिशेब माझ्या गळ्यात पडला.

या हिशेबाची सुरुवात 'फुकट' या शब्दापासून झाली. "जर्मनीत शिक्षण फुकट असतं" हे वाक्य चिंचवडमध्ये कुणीही कुणालाही ऐकवतं. वाक्य खोटं नाही. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते. सत्राची वर्गणी तेवढी भरायची, साधारण शंभर ते साडेतीनशे युरो, आणि तिच्यात पुष्कळ ठिकाणी बस-ट्रामचा पासही येतो. अपवाद आहेत. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याने २०१७ च्या हिवाळी सत्रापासून बाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो लावले. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळ्यापासून नव्याने येणाऱ्यांना सत्राला दोन ते सहा हजार लावले. भाचेरावांनी ही दोन्ही ठिकाणं टाळून मागडेबुर्ग हे गाव निवडलं. त्यामुळे त्याचं शिक्षण फुकट ठरलं, पण लग्नातलं जेवण असतं तसं फुकट. पंगतीत कुणी पैसे मागत नाही. आहेराचं पाकीट, एसटीचं भाडं आणि ताईची नवी साडी धरली की तीच जिलबी दीड हजाराला पडते.

पाकीट पहिलं गेलं ते प्रमाणपत्राचं. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्याला व्हिसाच्या आधी एपीएस नावाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्याची फी १८ हजार रुपये. तुमची पदवी खरी आहे, एवढंच ते सांगतं.

"चार वर्षांची फी मी भरली ती खरी होती ना?" दाजी म्हणाले. "मग पदवी खोटी कशी निघेल?"

"दाजी, फी खरी असते म्हणूनच शंका येते," मी म्हणालो. माझं हे वाक्य ताईला आवडलं, दाजींना आवडलं नाही.

पण खरी पंगत पुढे होती. तिचं नाव श्पेअरकॉन्टो, म्हणजे कुलूपबंद खातं. व्हिसा मागण्याआधी विद्यार्थ्याने एका वर्षाच्या खर्चाची रक्कम या खात्यात भरून दाखवायची. तिकडच्या गरजू विद्यार्थ्यांना सरकार जी मदत देतं, तिच्या हिशेबावरून ही रक्कम ठरते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो आहे, त्याआधी ११,२०८ होती. आता खरी मेख. पैसे तुमचे, खातं तुमच्या नावाचं, पण महिन्याला ९९२ युरोच काढता येणार. एक सेंट जास्त नाही.

आमच्या भाच्याचे कागद २०२५ च्या पावसाळ्यात सुरू होते आणि नेमका त्याच पावसाळ्यात युरो शंभर रुपयांना टेकला. ताईला यात एकच समाधान वाटलं, की गुणाकार सोपा झाला. दोन शून्यं लावली की झालं. ११,९०४ ला दोन शून्यं लावल्यावर मात्र घरात बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज येत होता.

"आणि टीसीएस?" दाजींनी कुठेतरी अर्धवट ऐकलेलं विचारलं. मी पहिल्यांदाच बँकेतल्या माणसासारखा बोललो. शिक्षणासाठी घरचे पैसे पाठवले तर त्या वर्षीच्या नियमाने दहा लाखांच्या वरच्या रकमेवर पाच टक्के कापले जाणार. तेच पैसे बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेले तर काहीच नाही. दाजी उडालेच. "म्हणजे साठवून ठेवलेल्याला कर आणि उधारीवाल्याला माफी?" त्यांनी आयुष्यभर कर्ज काढलं नव्हतं. सरकारने त्यांना एकसष्टीच्या उंबरठ्यावर कर्जाची गोडी लावली.

रात्री साताऱ्याला येऊन मी आईला, म्हणजे भाच्याच्या आजीला, हे कुलूपबंद खातं समजावून सांगत होतो. माझं अर्धं वाक्य झालं आणि ती म्हणाली, "म्हणजे माझा तुरीच्या डाळीचा डबा."

मी गप्प झालो, कारण तो डबा मला चांगला आठवत होता. वडिलांचा पगार झाला की आई सगळ्या नोटा पुरचुंडी करून डाळीत खोल पुरायची. मग दर सोमवारी डाळीत कोपरापर्यंत हात घालून त्या आठवड्याचे पैसे काढायची. तिसऱ्या आठवड्यात वडिलांनी कितीही लाडीगोडी लावली तरी चौथ्या आठवड्याची नोट बाहेर यायची नाही. एकदा मी आणि ताईने सर्कशीच्या तिकिटासाठी डब्यात हात घातला. नोट मिळाली नाही, पण सांडलेली डाळ दोन दिवस निवडत बसलो.

"महिन्याचं महिन्याला मोजून देतात ना?" आई म्हणाली. "चांगल्या घरातलं सरकार दिसतंय. पोराला पाठवा."

अशा रीतीने ज्या प्रश्नावर चिंचवडला आठ दिवस खल चालला होता, तो साताऱ्याला डाळीच्या डब्यावर सुटला.

दाजींच्या मनातलं कर्जाचं ओझं मात्र उतरेना. मग एका रविवारी त्यांनी पाठकोरा कागद घेतला आणि स्वतःच हिशेब मांडला. जर्मनीत कमीत कमी मजुरी कायद्याने ठरलेली आहे. २०२५ मध्ये ती तासाला १२ युरो ८२ सेंट होती. दिवसाला आठ तास, वर्षाला १४० दिवस, म्हणजे ११२० तास. गुणिले १२.८२. उत्तर आलं १४,३५८ युरो. दाजींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. खर्च ११,९०४. कमाई १४,३५८.

"दोन हजार चारशे चोपन्न युरो शिल्लक!" दाजी उभे राहिले. "वर्षाला अडीच लाख! अहो, याला शिकवायचं कसलं, हा आपल्यालाच सांभाळील!"

त्या दुपारी दाजींनी अडीच लाखांत घराला बाहेरून रंग दिला, गच्चीवर पत्रा टाकला आणि उरलेल्यात अष्टविनायक केले. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात, ते हेच. फरक इतकाच की इथे भटणीने, म्हणजे ताईने, एकच प्रश्न विचारला.

"काम कोण करणार?"

"आपला..." म्हणून दाजींनी कॉटकडे बघितलं. दुपारचे साडेबारा वाजले होते आणि वर्षाला १४,३५८ युरो पांघरूण डोक्यावरून घेऊन झोपले होते.

त्याच सुमारास नात्यातलं एक लग्न आलं. पूर्वी लग्नाच्या मांडवात मुलांचे टक्के विचारत. मग पॅकेज विचारू लागले. आता तास विचारतात.

"तुमच्याकडे किती?"

"कॅनडात चोवीस, आठवड्याला. मागच्या वर्षीच्या नोव्हेंबरात वाढवले, आधी वीसच होते."

"इंग्लंडला अजून वीसच हो. कॉलेज चालू असताना."

"आमची अमेरिकेत आहे. तिकडे वीस, पण कॉलेजच्या आवारातच. आवाराबाहेर पहिलं वर्ष झाडूसुद्धा उचलायचा नाही." हे बोलताना त्या काकूंच्या चेहऱ्यावर लेक फार मोठ्या घराण्यात पडल्याचं तेज होतं.

"आमच्या ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला अठ्ठेचाळीस," कोपऱ्यातून एक काका म्हणाले. "एका आठवड्यात तीस केले तर पुढच्यात अठरा."

आई तोपर्यंत अक्षता हातात धरून शांत बसली होती. पंधरवडा हा शब्द आल्यावर तिला विषयात गती आली. "म्हणजे शुक्ल पक्षात अठ्ठेचाळीस आणि कृष्ण पक्षात अठ्ठेचाळीस?" तिने विचारलं. "मग अधिक महिना आला की काय करतात? पुढच्या साली अधिक ज्येष्ठ आहे."

काका निरुत्तर झाले. ऑस्ट्रेलिया सरकारने अधिक मासाचा विचार केलेला नाही, हे मांडवात एकमताने ठरलं.

दाजींनी मग १४० दिवसांचं सांगितलं. वर्षाचा हिशेब ऐकून सगळे जरा दबले. आठवड्याचा हिशेब नोकराचा वाटतो, वर्षाचा हिशेब सालगड्याचा वाटतो, पण दाजींनी तो अशा आवाजात सांगितला की तो इनामदाराचा वाटला.

सप्टेंबरअखेर भाचेराव निघाले. सामानात कुकर, मेतकूट, भाजणी आणि गोडा मसाला. आईने कढवलेल्या तुपाची बरणी मात्र त्यानेच बाहेर काढली. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. आईला हे अजून पटलेलं नाही. जे सरकार डाळीच्या डब्यासारखं वागतं ते तुपाला नाही म्हणेल, यावर तिचा विश्वास बसत नाही. तिच्या मते बरणी विमानतळावरच कुणीतरी खाल्ली असती.

मागडेबुर्ग हे गाव पोकळीसाठी प्रसिद्ध आहे. सतराव्या शतकात तिथे ओटो फॉन गेरिके नावाचे महापौर होते. त्यांनी तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांना जोडले, पंपाने आतली हवा काढून टाकली आणि दोन्ही बाजूंना घोडे जुंपले. घोडे ओढून दमले, पण गोल सुटले नाहीत. आत पोकळी असली की बाहेरच्या हवेचा दाब किती बळकट ठरतो हे त्यांनी जगाला दाखवून दिलं. विद्यापीठालाही त्यांचंच नाव आहे. भाच्याने पहिल्या महिन्याअखेर कळवलं की हा प्रयोग त्याने खिशात करून पाहिला आणि तो यशस्वी झाला.

ही पोकळी कशी तयार झाली ते ऐका. तिकडे भाडं दोन प्रकारचं असतं, गरम आणि थंड. थंड भाडं नुसत्या भिंतींचं. त्यात पाणी, हीटर वगैरे धरलं की ते गरम होतं. अनामत रक्कम तीन थंड भाड्यांपर्यंत मागता येते. हे ऐकल्यावर ताईने फोनवर एकच धोशा लावला, "बाळा, थंड घेऊ नकोस, दोन पैसे जास्त जाऊ देत, गरम घे." तिला वाटलं, आपला मुलगा पैसे वाचवायला न तापवलेल्या खोलीत राहणार.

मग आरोग्य विमा. तो सक्तीचा, विद्यार्थ्यालाही महिन्याला १४० युरोच्या आगेमागे. आमच्या घराण्यात सर्दीवर सुंठ आणि बाकी सगळ्यावर 'होईल बरं' असा उपचार चालतो. १४ हजार रुपये महिन्याला भरून आजारी न पडणं हा भाच्याला सरळसरळ तोटा वाटू लागला. दाजींनी सुचवलं, "दात तरी तपासून घे."

त्यावर रेडिओची वर्गणी. दर घरामागे महिन्याला १८ युरो ३६ सेंट. "पण तुझ्याकडे रेडिओ कुठे आहे?" ताईने विचारलं. नसला तरी भरायचे. टीव्ही नसला तरी भरायचे. घर आहे ना, मग भरा. तीन मुलांनी मिळून घर घेतलं होतं म्हणून त्याच्या वाट्याला सहा युरो आले. "सहाशे रुपये भरतोयस तर निदान बातम्या तरी ऐक," दाजी म्हणाले. बातम्या जर्मन भाषेत होत्या. पुण्यात क्लास लावून तो जी जर्मन शिकला होता, तिच्यात लोक एकमेकांना रेल्वे स्टेशनचा रस्ता अतिशय सावकाश विचारत. मागडेबुर्गला तितक्या सावकाश कुणी बोलत नव्हतं.

या सगळ्यात पोराला गुणाकाराचा आजार जडला. तो काहीही पाहायचा आणि त्याच्या कपाळावर दोन शून्यं उमटायची. कॉफी तीनशे रुपये. कोथिंबिरीची जुडी दीडशे. केस कापणं दोन हजार. दोन हजारांच्या धसक्याने त्याने केस वाढवले. दिवाळीला व्हिडिओ कॉलवर त्याला पाहून आईने मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "खरं सांग. शिकायला गेलाय की संन्यास घेतला?"

नोव्हेंबरात मात्र त्याला काम मिळालं. एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात भांडी विसळून यंत्रात लावायची आणि निघालेली पुसून ठेवायची. भांडी! ताई पाच मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्याला घासणी म्हणजे काय ते माहीत आहे?" दाजींनी नातेवाइकांसाठी लगेच वेगळं वाक्य तयार केलं, "आदरातिथ्य क्षेत्रात आहे." मांडवातल्या काकांनी विचारलं, "फ्रंट ऑफिसला का?" "नाही, बॅक एंड," दाजी म्हणाले. इंजिनिअरच्या बापाला हा शब्द ऐन वेळी उपयोगी पडला.

कामात खरी कसरत भांड्यांची नव्हती, घड्याळाची होती. चार तासांपर्यंत काम केलं तर अर्धा दिवस. चार तासांच्या वर गेलं की पूर्ण दिवस. साडेतीन तास झाले की भाच्याचा एक डोळा भांड्यांवर आणि एक घड्याळावर. एकदा तीन तास अठ्ठावन्न मिनिटांनी मोठं पातेलं समोर आलं. ते घासलं तर दिवस पूर्ण भरणार. त्याने पातेल्याला मनातल्या मनात नमस्कार केला आणि ॲप्रन काढला. आयुष्यभर ग्लास जागेवर टाकून उठण्याचा सराव होता, तो इथे कायद्याच्या कामी आला.

ताईने चिंचवडला याची नोंद ठेवायला सुरुवात केली. स्वयंपाकघरात कालनिर्णय आहे. त्यावर ती वर्षानुवर्षं दूध लिहिते: 'अर्धा', 'एक', 'नाही'. त्याच चौकटीत खाली लाल पेनाने मुलाचे दिवस लिहू लागली: 'अर्धा', 'नाही', 'अर्धा'. महिनाअखेर दूधवाल्याने बिल जुळवायला कालनिर्णय मागितलं आणि लाल पेनाचंही धरून हिशेब केला. ताईने कधी न घेतलेल्या साडेचार लिटर दुधाचे पैसे दिले, कारण समजावून सांगणं त्याहून महाग पडलं असतं.

३१ डिसेंबरला बेरीज झाली. एकोणीस अर्धे. २८० पैकी १९.

"उरलेले दोनशे एकसष्ट?" दाजींनी आशेने विचारलं. "रजेसारखे पुढच्या वर्षी जमा होतात का?"

नाही होत. वर्ष संपलं की दिवस संपले. दाजींच्या अडीच लाखांचा पत्रा गच्चीवरून उडाला तो असा. हा कायदा काम जास्त होऊ नये म्हणून होता. काम मिळावं म्हणून कुठलाच कायदा नव्हता. भाषा येणाऱ्याला दुकानात उभं राहता येतं, सायकल येणाऱ्याला पार्सल पोचवता येतं, आणि या दोन्हींना तुमच्याआधी शंभर मुलं रांगेत असतात. त्यात व्याख्यानं, प्रयोगशाळा, परीक्षा. मर्यादेची भिंत ज्याला लागते तो भाग्यवान. आमचा भाचा भिंतीपासून इतका लांब होता की त्याला ती दिसतही नव्हती.

पण या एकोणीस अर्ध्या दिवसांनी एक गोष्ट केली. त्याचा गुणाकार बरा झाला आणि भागाकार सुरू झाला.

आता तो किमतीला दोन शून्यं लावीत नाही. तो तासांनी भागतो. जानेवारी २०२६ पासून किमान मजुरी १३ युरो ९० सेंट झाली आहे. त्यामुळे केस कापणं म्हणजे दीड तास भांडी. महिन्याचा विमा म्हणजे दहा तास भांडी. रेडिओचा वाटा म्हणजे एक टोप आणि दोन कढया, त्यातली एक जळकी. बाटल्यांचाही हिशेब त्याने लावला. तिकडे प्लॅस्टिकच्या बाटलीवर पंचवीस सेंट आधीच घेतात आणि रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की परत देतात. बिअरच्या काचेच्या बाटलीवर आठ सेंट. पार्टीला बोलावलं की हा शेवटपर्यंत थांबतो आणि निघताना सगळ्यांच्या बाटल्या पिशवीत भरतो. आईला याचं काहीच नवल वाटलं नाही. "भंगारवाला दारात येत नाही, आपल्याला जावं लागतं, एवढाच फरक," ती म्हणाली.

फेब्रुवारीत आणखी बरी बातमी आली. विद्यापीठातच एका प्राध्यापकांच्या हाताखाली विद्यार्थी-सहायकाचं काम मिळालं. तिकडे मुलं त्याला 'हिवी' म्हणतात. आणि गंमत अशी की विद्यापीठातलं हे काम त्या १४० दिवसांत मोजतच नाहीत.

"का नाही मोजत?" दाजींनी विचारलं.

"घरचंच काम ना," ताई ओट्यापाशी पोळ्या लाटत म्हणाली. "घरचं काम कुठेच मोजत नाहीत."

फोनवर जरा शांतता झाली. मला वाटलं रेंज गेली. तो रविवार होता. तिकडे रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून तो रविवारी निवांत बोलतो. त्या दिवशी मी आईला घेऊन चिंचवडला आलो होतो आणि कॉलवर सगळेच होतो. भाच्याने एकदम विचारलं, "आजी, तू किती वाजता उठतेस?"

"पाचला."

"आणि आडवी कधी होतेस?"

"दहा वाजतात की. देवाचं दूध झाकून, दार लावून."

"दुपारी झोपतेस?"

"एक डुलकी लागते. ती मोजू नको."

पलीकडून कीबोर्डचा आवाज आला. आम्हाला वाटलं अभ्यास आठवला. मग तो म्हणाला, "मी दिवसाचे आठच तास धरले, तुझ्या सोयीचे. रविवार नाही, सण नाही, एक जानेवारीपासून रोज एक पूर्ण दिवस. तर आजी, तुझे वर्षाचे एकशे चाळीस दिवस वीस मे रोजी संपतात. एकवीस मेपासून तू कामाला हात लावलास तर तुझा व्हिसा धोक्यात येईल."

आम्ही हसलो. आई हसली नाही. तिने भिंतीवरचं कालनिर्णय काढायला लावलं, चष्मा लावला आणि मे महिन्याचं पान उलटलं. दुधाच्या आणि लाल पेनाच्या नोंदींमधून तिचं बोट सरकत सरकत सतरा तारखेवर थांबलं.

"सतरापासून अधिक महिना लागतोय," ती म्हणाली. "जावईबापूंचं तेहेतीस अनारशांचं वाण यायचंय. अनारसे कोण तळणार?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ताई म्हणाली, "माझ्याकडे बघू नका, माझे तर एप्रिलमध्येच संपतात."

"बाबा," मागडेबुर्गहून आवाज आला. "बाबांचे पूर्ण एकशे चाळीस शिल्लक आहेत. मागच्या वर्षीचे जमा झाले असते तर आणखी असते."

वाण जावयाचं आणि तळायचंही जावयाने, याला शास्त्रात काही आधार आहे का, हे दाजी आईकडे बघून अजमावत होते. आईच्या चेहऱ्यावर आधार दिसला नाही, पण हरकतही दिसली नाही. मग सवयीप्रमाणे त्यांनी पाठकोरा कागद ओढला.

"तेहेतीस अनारसे म्हणजे चार तासांत बसतील ना?" त्यांनी विचारलं. "अर्धा दिवसच धरू."

"तळायला बसतील," आई म्हणाली. "पण त्याआधी तांदूळ तीन दिवस भिजवायचे. रोज पाणी बदलायचं. मग सावलीत वाळवायचे, कुटायचे, चाळायचे, गुळात मळून पीठ मुरवायचं. ते दिवस कुणाच्या नावावर धरायचे, ते आधी तुमच्या जर्मन सरकारला विचारून घ्या, जावईबापू."

दाजींनी पेनाचं टोपण लावलं आणि टेबलावरचा स्वतःचा रिकामा ग्लास उचलून ओट्यापाशी नेऊन ठेवला. ताईने कालनिर्णय पुन्हा भिंतीवर टांगलं आणि त्या दिवसाच्या चौकटीत लाल पेनाने लिहिलं, 'अर्धा'.